वर्षातून एकदा, फुकट

वाचनालयाच्या मदत टेबलासमोर ती बसली, तेव्हा पलीकडच्या माणसानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याचं लक्ष तिच्या कॉलरकडे होतं. कॉलरला ओळीनं तीन सुया खोचलेल्या होत्या, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा दोरा.

"टोचत नाहीत?" त्यानं विचारलं.

"मला नाही. दुसऱ्यांना टोचतात," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं जीभ चावली.

तिचाही दोष नव्हता. ती सरळ बँकेतून आली होती आणि तिचं डोकं तापलेलं होतं. कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती रफू करायची. जळलेले, फाटलेले, कसर लागलेले कपडे तिच्यासमोर यायचे आणि कुठं फाटलं होतं ते सांगता येणार नाही असे परत जायचे. दुकानात तिला सगळे 'रफू' म्हणूनच हाक मारत. नऊ वर्षं वाफेत आणि औषधाच्या वासात काढल्यावर आता कुठं एक दार किलकिलं झालं होतं. चौकातले म्हातारे रफूवाले काका डोळे अधू झाल्यामुळे गाळा सोडणार होते आणि गाळा, काउंटर, बांधलेली गिऱ्हाइकं, सगळं तिला द्यायला तयार होते. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ते थांबणार होते. तिला फक्त एक छोटं कर्ज हवं होतं.

बँकेतल्या बाईनं संगणकात पाहिलं, ओठ मुडपले आणि अर्ज परत सरकवला. "तुमचा क्रेडिट रिपोर्ट बघा एकदा. वर्षातून एकदा फुकट मिळतो."

"त्यात काय आहे?"

"ते मला सांगता येत नाही. तुमचा तुम्ही मागवा."

म्हणून ती इथं आली होती. बाहेर चार दिवस सूर्य दिसला नव्हता. वाचनालयाच्या काचांवर ओल धरली होती आणि दुपारी दोनलाच दिवे लावावे लागले होते.

"फुकट म्हणजे खरंच फुकट?" तिनं विचारलं. "नाही, फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मला आजवर काही फुकट मिळालेलं आठवत नाही."

"खरंच फुकट. मी घेतो ना भरून." तो हसला. हसला म्हणजे डोळ्यांच्या कडेला दोन सुरकुत्या पडल्या, बाकी चेहरा होता तसाच गंभीर. "जन्मसाल?"

"रिपोर्टला हवंय की तुम्हाला?"

त्याचे कान लाल झाले. "...रिपोर्टला."

तिनं सांगितलं. आता संगणकानं तिची परीक्षा घ्यायची होती. ती खरोखर तीच आहे का, हे ठरवायला तिच्याच नोंदींमधले प्रश्न. पहिला प्रश्न आला: खालीलपैकी कोणत्या कंपनीकडून तुम्ही कर्ज घेतलं आहे? चार नावं आणि शेवटी 'एकाहीकडून नाही'.

"शेवटचं," ती ताठ मानेनं म्हणाली. "आमच्या ताईनं लहानपणापासून शिकवलंय, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

उत्तर जुळत नाही, असं पडद्यावर उमटलं. दुसरा प्रश्न, नोंदवलेल्या फोनचे शेवटचे दोन आकडे. तिनं आपले सांगितले. तेही जुळले नाहीत. तिसऱ्या वेळी खिडकी बंद झाली आणि तीस दिवस पुन्हा प्रयत्न करू नये अशी सूचना आली.

ती पडद्याकडे बघत राहिली. स्वतःचीच परीक्षा आणि त्यात आपण नापास! तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"टपालानं मागवू," तो घाईनं म्हणाला. "पंधरा-वीस दिवस जातील, पण येतो. ओळखपत्राची प्रत जोडली की प्रश्न विचारत नाहीत."

त्यानं कागदी फॉर्म काढला आणि पेन्सिलीनं भरायला घेतला. अक्षर बारीक, सरळ, कुठं खाडाखोड नाही. पूर्ण झाल्यावर तो कागद त्यानं तिच्याकडे फिरवला आणि पेन पुढं केलं. "आता यावरून तुम्ही गिरवा. मग मी पेन्सिल खोडतो."

"एवढे उपद्व्याप कशाला? तुम्हीच शाईनं लिहायचं."

"नाव तुमचं आहे. ते दुसऱ्याच्या हातानं नको."

वाचनालयात येणारे लोक त्याला 'पेन्सिल' म्हणतात हे तिनं ऐकलं होतं; का म्हणतात ते तिला तेव्हा कळलं. ती गिरवत गेली. त्याच्या अक्षरावर तिचं अक्षर चढत गेलं आणि मान वर न करताही तिला कळत होतं, की तो फॉर्मकडे बघत नाहीये.

---

दर गुरुवारी दुपारी तिला दोन तास मोकळे असत. पुढच्या गुरुवारी ती "आलं का काही?" म्हणून गेली. रिपोर्ट तिच्या घरच्या पत्त्यावर येणार होता, वाचनालयात नाही. हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं गंभीरपणे वही उघडून पाहिली आणि म्हणाला, "नाही अजून."

"मग पुढच्या गुरुवारी बघते."

"बघा. टपालाचा काही भरवसा नाही."

टेबलाशी गर्दी नसायची. एखादे आजोबा पेन्शनचा कागद घेऊन यायचे, एखादी बाई मुलाचा दाखला घेऊन. तो सगळ्यांचं सगळं करायचा आणि कुणाचं काही घ्यायचा नाही. आजोबांनी गोळी पुढं केली तर नको, बाईनं देऊ केलेली पिशवीभर फळं तर नकोच नको. एकदा बाहेर भुरभुर सुरू होती आणि ती म्हणाली, छत्री मोठी आहे, चौकापर्यंत या. तो "नको, असू दे" म्हणून भिजत गेला. तिला मनातून राग आला. माणूस असावा, पण इतका कोरडा? तोही भिजत जाताना?

चौथ्या गुरुवारी मात्र दोघांच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं. चार आठवडे झाले होते आणि रिपोर्ट आला नव्हता. काकांचा महिना संपायला नऊ दिवस उरले होते. त्यानं रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं एक गोड आवाज म्हणाला आणि मग संगीत सुरू झालं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तो फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं तिची फाइल धरून पुतळ्यासारखा बसला होता. स्वेटरच्या कोपराला बोटभर भोक पडलं होतं. पहिल्या दिवसापासून ते तिच्या डोळ्यांत खुपत होतं.

ती उठली, खुर्ची त्याच्या बाजूला ओढली आणि कॉलरची राखाडी दोऱ्याची सुई काढली.

"अहो, काय करताय...?"

"फोन ठेवू नका. वीस मिनिटं वाया जातील."

"नको, खरंच—"

"हलू नका. टोचेल."

तो हलला नाही. फोनमधलं संगीत संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिनं भोकाच्या कडेचे टाके उचलले, उभे दोरे घातले, मग आडवे, एक सोडून एक. सुईच्या प्रत्येक फेऱ्याला तिची करंगळी त्याच्या हाताला लागत होती. त्याचा श्वास कधीचा थांबला होता. तिचा मात्र चालू होता, फार जोरात चालू होता, आणि तो त्याला ऐकू जाईल या भीतीनं तिनं उगाचच विचारलं, "घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग हे भोक कुणाला दिसणार म्हणा."

"तुम्हाला दिसलं की."

तिनं दात लावून दोरा तोडला. कोपर पुन्हा अखंड झाला होता. त्यानं हात वळवून पाहिलं आणि त्याचा दुसरा हात लगेच खिशाकडे गेला. "किती झाले?"

"वर्षातून एकदा फुकट असतं आमच्याकडे," ती म्हणाली.

तेवढ्यात पलीकडून माणूस बोलला. ह्यानं तिच्या अर्जाचा नंबर सांगितला, उत्तर ऐकलं, पुन्हा सांगितला. मग फोन ठेवून तो तिच्याकडे वळला.

"पाकीट बारा दिवसांपूर्वीच पोचलंय म्हणतात. दारात सही करून घेतलंय. पोचपावतीची प्रत पाठवतायत."

---

पावती दुसऱ्या दिवशी संगणकावर आली आणि त्यानं दुकानात निरोप पाठवला. ती जेवणाच्या सुट्टीत धावत गेली. पडद्यावर चिठ्ठी होती, तारीख, सकाळी अकराची वेळ, घराचा पत्ता आणि खाली तिची सही.

"मी तर अकराला दुकानात होते," ती म्हणाली. "रोजच असते."

"मग ही सही...?"

"माझीच आहे." तिनं वाकून पाहिलं. पहिलं अक्षर मोठं, मधली तीन एकमेकांत गुंतलेली, शेवटी मागं वळून खालून गेलेली लांब शेपटी. "माझीच आहे, पण मी केलेली नाही."

आणि बोलता बोलताच तिला कळलं. ती खुर्चीत बसली. अशी शेपटी काढणारं जगात आणखी एकच माणूस होतं. आई-वडील गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. ताईनं तिचा हात हातात धरून तिला अक्षरं शिकवली. सहीसुद्धा ताईनंच शिकवली, स्वतःच्या सहीसारखी शेपटी काढून. 'छोटे, ही आपल्या दोघींची खूण,' असं ती म्हणायची.

त्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला.

"दुसरी प्रत मागवता येईल?" तिनं विचारलं.

"फुकटची एकदाच. विकत मिळते, पण त्यालाही तितकेच दिवस लागतील." तो थांबला. "ती प्रत घरात असेल... तर मागून बघा."

---

घरात काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होती. चार आठवडे ती टपालाची वाट बघत होती आणि पाकीट तिच्यापासून दहा पावलांवर होतं. भावोजी कामावर होते. ताई इस्त्री करत होती, भावोजींचा शर्ट, तिचा शर्ट, ताईच्या लेकीचा गणवेश.

"ताई, माझं पाकीट दे."

इस्त्री थांबली. ताईनं कुठलं पाकीट, असं विचारलं नाही. ती आत गेली, पिठाच्या डब्याखालून पाकीट काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. पाकीट बंदच होतं.

"उघडलंसुद्धा नाहीस?"

"कशाला उघडू? आत काय आहे ते मला पाठ आहे."

तिनं ते फाडलं. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, दुसऱ्या पानावर भावोजींच्या जुन्या फोनचा नंबर आणि तिसऱ्यावर चार वर्षांपूर्वीचं एक कर्ज. तेवीस हप्ते वेळेवर, मग एक उशिरा, मग दोन चुकलेले. नंतरच्या रांगेत सगळे लाल चौकोन होते.

"चार वर्षांपूर्वी..." ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं.

"हॉल घेतला होता," ताई म्हणाली. "कपडे, दागिना, त्यांच्याकडच्या माणसांची राहायची सोय. तू म्हणालीस, साधं करू. मी म्हटलं, आई-बाप नाहीत म्हणून कुणी नाक मुरडायला नको. ह्यांच्या नावावर कर्ज मिळेना. तुझे कागद कपाटात होते. फेडून टाकू, तुला कळायचंसुद्धा नाही, असं वाटलं."

"आणि लग्न मोडलं."

"लग्न मोडलं. हॉलवाल्यानं काही परत दिलं नाही. दोन वर्षं मी भरले गं, एकही चुकवला नाही. मग ह्यांचं काम अर्ध्यावर आलं..." ताईनं इस्त्री उचलली आणि तशीच पुन्हा ठेवली. "रोज ठरवायचे, आज सांगते. रोज तू दमून यायचीस."

"माझा गाळा गेला ताई! नऊ वर्षं त्या वाफेत मी कशासाठी बसले? तू माझ्या नावानं सही केलीस! एकदा नाही, दोनदा!"

"हो."

"मी तक्रार करणार आहे. हे कर्ज माझं नाही असं लिहून देणार. मग ते पोलिसात देतात. माहीत आहे?"

ताईनं मान हलवली. ताईनं रडावं, पाया पडावं, निदान भांडावं, असं तिला फार वाटत होतं. ताई नुसती उभी राहिली. गणवेशाची बाही इस्त्रीखाली राहून गेली होती, तिचा करपल्याचा वास घरभर पसरला.

---

गुरुवारपर्यंत ती थांबली नाही. शनिवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी ती पायरीवर होती. धुकं इतकं होतं, की रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. तो आला, तिला पाहून पावलं भराभर टाकायला लागला, आणि तिनं उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती, तरी रडली.

तक्रारीचा फॉर्म दोन पानांचा होता. तो पेन्सिलीनं भरत गेला. दुसऱ्या पानावर तो थांबला. तिथं प्रश्न होता: हे कर्ज तुमच्या नावे कुणी घेतलं हे तुम्हाला माहीत आहे का? खाली दोन चौकोन होते, आणि 'होय' असेल तर नाव लिहायला एक ओळ.

"नाही म्हटलं तर?" तिनं विचारलं.

"तर ते चौकशी करतील. फोन नंबर, पत्ता, सगळं घरातलंच आहे. दोन दिवसांत नाव निघेल, आणि तुम्ही खोटं लिहिलंत असं होईल."

"आणि काहीच लिहिलं नाही, तक्रारच केली नाही, तर?"

"तर कर्ज तुमचं. फेडावं लागेल. फेडल्यावरही डाग लगेच जात नाही, सात वर्षं दिसत राहतो."

इथं सल्ला मिळत नाही, अशी टेबलावर पाटीच होती. आजवर त्यानं ती पाळली होती. आज त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"होय करा," तो म्हणाला. "नाव लिहा. तुमच्या आयुष्यातली सात वर्षं आहेत. बहीण झाली म्हणून काय झालं? ज्यानं घेतलं त्यानं फेडावं. दुसऱ्याचं ओझं तुम्ही का उचलायचं?"

"दुसऱ्याचं?" ती एकदम उसळली. "तिनं एकोणिसाव्या वर्षी शाळकरी पोर पदरात घेतलं. स्वतःचं शिक्षण सोडलं. ते कुठल्या रिपोर्टात येतं? सांगा ना, कुठल्या पानावर असतं ते?"

"मी तसं—"

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कुणाची साधी छत्री घेत नाही. कुणाचं काही लागायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला ठाऊकच नाही!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तिला ते दिसलं. पण तोंडातून सुटलेलं परत घेता येत नाही, आणि तेव्हा ते घ्यावं असं तिला वाटलंही नाही. तिनं फॉर्म ओढून पिशवीत कोंबला आणि ती धुक्यात निघून गेली.

---

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. पहिल्या आठवड्यात ती फॉर्म रोज काढायची आणि परत ठेवायची. महिना संपला, काकांनी आणखी चार दिवस वाट पाहिली आणि मग ओशाळून गाळा मोबाइलवाल्याला दिला. घरात दोघी बहिणी एका ओट्याशी उभ्या राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. मीठ हवं असेल तर भाचीमार्फत मागायचं. भावोजी ताटावरून लवकर उठायचे. दाराची बेल वाजली की ताईच्या हातातलं काम थांबायचं.

शेवटी एका सोमवारी तिनं फॉर्म फाडला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कचेरीत जाऊन सांगितलं, कर्ज माझं आहे, हप्ते बांधून द्या. समोरच्यानं कागद पुढं केले. तिनं पानापानावर सह्या केल्या, शेपटीसकट. बाहेर आल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाय दुखत होते, आणि ज्याला हे सांगावंसं वाटत होतं त्याच्याशी ती भांडून बसली होती.

त्याच संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी काउंटरवरच्या पोरीनं आत डोकावून सांगितलं, "रफू, तुझ्याकडे कुणीतरी आलंय."

तो होता. काळा कोट, खांद्याला वाचनालयाची कागदांची बॅग, केसांवर धुक्याचे थेंब. वाफेनं त्याचा चष्मा क्षणात पांढरा झाला आणि तो तसाच आंधळ्यासारखा उभा राहिला.

"काय फाटलंय?" तिनं विचारलं. आवाज तिला हवा होता तितका कोरडा निघाला नाही.

"काही नाही." त्यानं चष्मा काढला. "मी माझा रिपोर्ट मागवला. सहा वर्षं लोकांचे मागवतोय, स्वतःचा कधी बघितला नव्हता."

"मग?"

"कोरा आहे. नाव, पत्ता, आणि पुढं काहीच नाही. मी कधी कुणाचं काही घेतलेलंच नाही. बँकेत विचारलं, तर म्हणाले, असल्यालाही आम्ही कर्ज देत नाही. भरवसा ठेवायला काही आधारच नाही म्हणे." तो खिन्नपणे हसला. "वडील सगळ्यांकडून घ्यायचे. दार वाजलं की आई आम्हाला पलंगाखाली लपवायची. तेव्हा ठरवलं होतं, आपण कुणाचं काही घ्यायचं नाही. ...तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मला कळत नाही."

"मी रागात बोलले. मला तसं नव्हतं म्हणायचं."

"नाही, खरं होतं." तो चष्मा पुसत राहिला, पुसून झाला तरी. "म्हणून आज मागायला आलोय. सवय नाही, नीट जमणार नाही. मला... मला तुम्ही हव्या आहात. दर गुरुवारी नको. रोज. आणि घरी एकट्यानं जायचा मला कंटाळा आलाय."

मागं यंत्र घरघरत थांबलं. तिनं सुई कॉलरला खोचायला घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बोटाला टोचली.

"मी आज कर्ज माझ्या नावावर घेतलं," ती म्हणाली. "गाळा गेला. सात वर्षं मला कुणी दारात उभं करणार नाही. माझ्याजवळ द्यायला आता काही नाही, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"तरी?"

"तरी."

तिनं बोट तोंडात धरलं. डोळे भरून आले ते टोचल्यामुळे, असं तिला कुणी विचारलं असतं तर सांगायचं होतं. कुणी विचारलं नाही.

"मलाही एक मागायचंय," ती म्हणाली. "घरी चला माझ्याबरोबर. ताईला सांगायचंय, की मी तक्रार केली नाही. तीन आठवडे आम्ही बोललेलो नाही. एकटीनं तोंड उघडलं तर भांडणच निघेल. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

---

जिन्यावरचा दिवा गेलेला होता. चार मजले ती पुढं आणि तो मागं, भिंतीला हात लावत चढले. दाराशी पोचल्यावर अंधारात किल्ली सापडेना, म्हणून तिनं बेल वाजवली.

आत पावलं वाजली आणि थांबली. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारच्या अनोळखी माणसाकडे, त्याचा काळा कोट, खांद्यावरची कागदांची बॅग. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ती मागं सरली नाही आणि तिनं दारही लोटलं नाही.

"आलात," ती त्याला म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "दोन मिनिटं द्या. पोरगी आत अभ्यास करतेय, तिला कळू द्यायचं नाही. मी सगळं लिहून ठेवलंय. छोटीला यातलं काही माहीत नव्हतं, सह्या दोन्ही माझ्या आहेत. शाल घेते आणि निघते."

आणि खुंटीवरची शाल घ्यायला ती वळलीसुद्धा.

"ताई!" तिचा आवाज फुटला. तिनं उंबरठा ओलांडून ताईचा हात धरला. इस्त्रीनं भाजून भाजून राठ झालेला तो हात गार पडला होता. "ताई, मी तक्रार नाही केली गं. नाही करणार. कर्ज आपण फेडू, दोघी मिळून. कुणी कुठं जात नाहीये."

ताईला ते पोचलं की नाही कोण जाणे. ती शाल छातीशी धरून दाराकडे बघत राहिली. "मग हे... हे कोण?"

नुसतं शेजारी उभं राहायचं ठरलं होतं, तो तेवढंच करत होता. बॅगेचा पट्टा त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि कान लाल झाले होते.

"हे पोलीस नाहीत," ती म्हणाली. "हे माझे..."

मित्र म्हणावं, ओळखीचे म्हणावं, वाचनालयातले म्हणावं, सगळे शब्द तिच्या मनात येऊन गेले. आतून भाची पाढे म्हणत होती. ताई वाट बघत होती, आणि तोही.

"हे माझे आहेत, ताई," ती म्हणाली.